पूल पडला, पण दोष मजुराचा नव्हता!

कुठे पूल पडला, स्लॅब कोसळला, इमारत खचली की दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी दोनच कारणे असतात. एक, "सिमेंट खाल्ले असेल." दुसरे, "कामगारांनी काम नीट केले नसेल." चहाच्या टपरीपासून सरकारी कचेरीपर्यंत हीच चर्चा चालते. साहेबाच्या कागदावर संशय घेण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. कारण कागद इंग्रजीत असतो, त्यावर आकडेमोड असते आणि खाली सही-शिक्का असतो. मजुराच्या हाती मात्र असते फक्त थापी आणि डोक्यावर घमेले! मग बोट दाखवायला मजूर सोपा.

आम्ही पेशाने कारकून आहोत, इंजिनिअर नव्हे. पण वाणिज्य शाखेत शिकताना आणि नोकरीत हिशेबाच्या वह्या तपासताना एक गोष्ट आम्हांला पक्की कळली आहे. गल्ल्यातील नोटा कितीही खऱ्या असल्या तरी वहीतला आकडा चुकीचा असेल तर ताळा जुळत नाही. पुलाचेही तसेच असते. सिमेंट खरे, लोखंड खरे, राबणारे हात खरे, आणि तरीही कागदावरचा हिशेब चुकीचा असेल तर पूल पडतो.

असा एक काँक्रीटचा पूल १५ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, मायामी येथे पडला. सहा माणसे गेली. त्याची जी चौकशी झाली ती मजुरापाशी थांबली नाही, ठेकेदारापाशीही थांबली नाही. ती थेट टेबलावरच्या आकडेमोडीपर्यंत पोहोचली. आज आपल्या वस्त्यांतील अनेक कुटुंबांची चूल बांधकामाच्या मजुरीवर पेटते. कोणी मिस्त्री आहे, कोणी बिगारी, कोणी सेंटरिंगवाला, तर कोणाचा मुलगा इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकतो आहे. म्हणूनच ही परदेशातील हकिकत घरातल्या सर्वांनी वाचावी असे आम्हांला वाटते.

पूल कशासाठी हवा होता?

मायामीत फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी नावाचे मोठे सरकारी विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या एका बाजूने आठ पदरी रस्ता जातो. रस्त्याच्या पलीकडे स्वीटवॉटर नावाचे गाव. तेथे अनेक विद्यार्थी राहतात. रोज हा रस्ता पायी ओलांडून त्यांना वर्गात यावे लागे आणि गाड्या तर सुसाट धावत असत. ऑगस्ट २०१७ मध्ये हाच रस्ता ओलांडताना विद्यापीठातील एका विद्यार्थिनीला गाडीने उडवले आणि तिचा अंत झाला. पादचारी पुलाची योजना त्याआधीच मंजूर होऊन काम चालू झाले होते. म्हणजे हा पूल जीव वाचवण्यासाठी बांधला जात होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पूल बांधण्याची पद्धतही नवी होती. रस्त्यावर महिनोन्महिने सेंटरिंग उभारायचे आणि वाहतूक अडवायची असा प्रकार नव्हता. पुलाचा मुख्य भाग, १७४ फूट लांब आणि ९५० टन वजनाचा, रस्त्याच्या कडेला तयार करण्यात आला. १० मार्च २०१८ या शनिवारी शेकडो चाकांच्या खास गाड्यांवर उचलून तो काही तासांत रस्त्यावर आडवा ठेवण्यात आला. लोक बघायला जमले, फोटो निघाले, कौतुक झाले. पाचच दिवसांनी तो खाली आला.

पुलाची ठेवण कशी होती?

ठेवण समजल्याशिवाय चौकशी समजणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. खाली चालण्याची फरशी, म्हणजे काँक्रीटचा स्लॅब. वर छप्पर, तेही काँक्रीटचे. दोहोंच्या मध्ये तिरके दांडे, काही या अंगाला कललेले, काही त्या अंगाला. लोखंडी कैचीत जसे तिरके तुकडे असतात तसे, पण तेही काँक्रीटचे. या दांड्यांना क्रमांक दिलेले होते. उत्तरेच्या टोकाला ११ नंबरचा तिरका दांडा आणि त्याला लागून १२ नंबरचा उभा खांब होता.

येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, नेहमीच्या कैचीच्या पुलाला डाव्या-उजव्या दोन बाजूंना दोन रांगा असतात. येथे मधोमध एकच रांग होती. एक सांधा सुटला तर त्याचा भार उचलून धरायला दुसरे कोणी नव्हते. एकाच कमावत्या माणसावर चालणारे घर असते ना, तशी ही गत! तो कमावता आजारी पडला की घर बसते.

दुसरी गोष्ट म्हणजे, पुलावर पुढे एक उंच मनोरा उभारून त्यापासून खाली तिरक्या नळ्या लावायच्या होत्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की पूल त्या नळ्यांनी वरून टांगलेला आहे. प्रत्यक्षात पुलाचा भार त्या मनोऱ्यावर नव्हता. तो बहुतांशी शोभेचा भाग होता. खरा भार वाहणार होते ते मधले तिरके दांडे आणि त्यांचे सांधे.

शिडीचा पाय सरकला

काँक्रीट दाबाला मोठे खंबीर असते, पण ओढीला कच्चे असते. म्हणूनच त्यात लोखंडी सळ्या घालतात. हे कोणताही अनुभवी मिस्त्री सांगेल. आता ११ नंबरच्या दांड्याचे काय झाले ते पाहू.

भिंतीला तिरकी शिडी लावून वर माणूस चढला की शिडीचा खालचा पाय बाहेरच्या अंगाला सरकायला बघतो. जमीन खरबरीत असेल तर तो धरून राहतो. फरशी गुळगुळीत असेल तर सरकतो आणि माणूस पडतो. म्हणून तर खाली एकजण शिडी धरून उभा राहतो. ११ नंबरचा दांडा ही ती शिडी आणि पुलाची फरशी म्हणजे जमीन. पुलाचे सारे वजन त्या दांड्यातून तिरके खाली येत होते आणि त्याचा पाय उत्तरेकडे, म्हणजे पुलाच्या टोकाकडे ढकलला जात होता. टोकाच्या पलीकडे तर काहीच नाही! जे काही धरून ठेवायचे ते त्या एका सांध्यानेच. त्यात पुन्हा याच सांध्यातून प्लास्टिकच्या नळ्या आणि पाण्याचा निचरा करणारा पाइप गेलेला होता. तेवढे भरीव काँक्रीट कमी झाले.

आणखी एक बाब. आधी फरशी ओतली गेली, ती घट्ट झाल्यावर तिच्यावर दांडे ओतले गेले. म्हणजे जुन्या काँक्रीटवर नवे काँक्रीट. अशा ठिकाणी जोड राहतो. हा जोड किती ताकदीचा हवा, त्यातून किती सळ्या आडव्या जायला हव्यात, याचा हिशेब नकाशा करणाराने करायचा असतो. याच हिशेबात चूक झाली होती.

भेगा सांगत होत्या

वाचक बंधू-भगिनींनो, हा पूल एकाएकी पडला नाही. त्याने आधी नोटीस दिली होती!

फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस पूल अजून रस्त्याच्या कडेलाच होता. त्याच्या खालचे टेकू काढल्यावर ११ नंबरच्या पायथ्याशी भेगा दिसल्या. त्यांचे फोटो काढले गेले, कागदावर नोंद झाली. नकाशा कंपनीने त्या फारशा मनावर घेतल्या नाहीत.

१० मार्चला पूल जागेवर बसवला. त्यानंतर ठरल्याप्रमाणे ११ नंबरच्या दांड्यात घातलेल्या पोलादी गजांचा ताण सैल करण्यात आला. हा ताण केवळ पूल उचलून नेतानाच्या काळापुरता होता. ताण सोडला आणि भेगा झपाट्याने वाढल्या. ठेकेदाराच्या माणसांनी पुन्हा फोटो काढून नकाशा कंपनीकडे पाठवले.

या भेगा किती मोठ्या होत्या? साध्या काँक्रीटच्या कामात केसासारख्या बारीक भेगा पडतातच. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे साधारणपणे ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालते. ०.३ मिलिमीटर म्हणजे वहीची तीन पाने एकावर एक ठेवली तर होईल तेवढी जाडी. मायामीच्या भेगा नेहमी चालवून घेतल्या जाणाऱ्या भेगांच्या ४० पट मोठ्या होत्या, असे पुढे चौकशीत निघाले. आपल्या मापाने ४० पट म्हणजे १२ मिलिमीटर, करंगळीच्या जाडीच्या आसपास! काही भेगा तर कित्येक इंच खोल गेल्या होत्या. एवढी भेग पाहून आपल्याकडील बिगारीसुद्धा मुकादमाला हाक मारील.

१३ मार्चला, मंगळवारी, नकाशा कंपनीच्या एका इंजिनिअरने राज्याच्या वाहतूक खात्यातील अधिकाऱ्याला फोन केला. अधिकारी कामानिमित्त बाहेर होता. इंजिनिअरने निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवला. उत्तर टोकाला भेगा आहेत, दुरुस्ती करावी लागेल, पण सुरक्षेच्या दृष्टीने चिंता नाही, असा त्याचा मथितार्थ. अधिकाऱ्याने तो निरोप ऐकला तो १६ मार्चला, शुक्रवारी. पूल पडला होता गुरुवारी!

गुरुवारची दुपार

१५ मार्चच्या सकाळी बैठक भरली. नकाशा कंपनी, ठेकेदार, कामावर देखरेख करणारी कंपनी, विद्यापीठ आणि वाहतूक खाते या सर्वांची माणसे हजर होती. भेगांचे फोटो पाहिले गेले, आकडे मांडले गेले. मुख्य इंजिनिअरने निर्वाळा दिला की सुरक्षेला धोका नाही. खोलीत एवढे शिकलेले लोक होते, पण "आधी खालचा रस्ता बंद करा, मग बोलू," असे ठामपणे कोणी म्हटले नाही.

उपाय काय ठरला? ताण सोडल्यावर भेगा वाढल्या ना, मग ताण पुन्हा द्या, म्हणजे पूल पूर्वस्थितीत येईल! ऐकायला हे बरोबर वाटते. पण जो दांडा आपल्या पायाने सांधा बाहेर ढकलत होता, त्याच दांड्यातले गज आवळले की ढकलण्याचा जोर आणखी वाढणार. सरकत चाललेल्या शिडीवर आणखी एक माणूस चढवावा तसा हा उपाय होता. हा उपाय बरोबर की चूक, हे बाहेरच्या कोणा स्वतंत्र जाणकाराकडून तपासून घेतले गेले नाही.

दुपारी कामगार पुलाच्या छपरावर चढले. त्यांना जे सांगितले गेले ते त्यांनी केले. एकेक गज ठरल्या मापाने आवळला. खाली रस्ता चालूच होता. सिग्नल लाल होता आणि गाड्या पुलाखाली थांबल्या होत्या. पावणेदोनच्या सुमारास उत्तरेचा सांधा फुटला आणि ९५० टनांचा सांगाडा क्षणात खाली आला. आठ गाड्या त्याखाली सापडल्या. गाड्यांमधील पाच जण आणि पुलावर काम करणारा एक कामगार, असे सहा जण मृत्युमुखी पडले. दहा जण जखमी झाले.

बैठकीत बसलेल्यांपैकी कोणी त्या वेळी त्या छपरावर नव्हते. तेथे कामगार होते.

चौकशी कोणी केली?

अमेरिकेत राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ नावाची संस्था आहे. विमान पडो, रेल्वे घसरो की पूल कोसळो, मोठ्या अपघातांचा शोध ती घेते. १९७४ च्या कायद्याने हे मंडळ वाहतूक खात्यापासून पूर्ण वेगळे करण्यात आले. कारण उघड आहे. ज्या खात्याने परवानगी दिली तेच खाते चौकशी करू लागले तर स्वतःचे दोष स्वतः कसे सांगणार? आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर खजिनदारानेच ऑडिटर होऊ नये.

या मंडळाला कोणाला तुरुंगात धाडण्याचा अधिकार नाही. अपघात का झाला आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, एवढेच त्याचे काम. मंडळाची माणसे मायामीला आली. त्यांनी ढिगाऱ्यातील महत्त्वाचे तुकडे, विशेषतः ११ आणि १२ नंबरचा सांधा, जपून ठेवायला लावला. मलबा उचलून फेकून दिला असता तर पुरावाच गेला असता. एका चालत्या गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्यात पूल पडतानाचे चित्र टिपले गेले होते. ते क्षणाक्षणाने तपासले. पडझडीची सुरुवात उत्तर टोकापासूनच झाली, हे त्यात दिसले. सर्व नकाशे, आकडेमोडीचे कागद, ई-मेल, फोनचे निरोप, बैठकीच्या नोंदी मागवल्या. तो ध्वनिमुद्रित निरोपही त्यातच होता.

सिमेंट आणि लोखंड निर्दोष!

आता मुख्य प्रश्न. माल खराब होता काय? पुलाच्या काँक्रीटचे तुकडे कापून सरकारी प्रयोगशाळेत नेले. सळ्या आणि ताणाचे गज तपासले. निष्कर्ष निघाला की काँक्रीट ठरल्याप्रमाणे होते आणि पोलादही ठरल्याप्रमाणे होते. "सिमेंट खाल्ले" हे पहिले कारण येथेच निकालात निघाले.

मग दुसरे कारण पुढे आले. नकाशा करणाऱ्या कंपनीचे म्हणणे पडले की, ठेकेदाराच्या माणसांनी जोडाची जागा पुरेशी खरबरीत केली नव्हती. जुन्या काँक्रीटवर नवे ओतण्याआधी पृष्ठभाग छिन्नीने टोचून खरबरीत करावा लागतो, म्हणजे नवे जुन्याला पकडते. हे आपल्या मिस्त्री बांधवांना नव्याने सांगायला नको. येथे पाव इंचाचा खरबरीतपणा हवा होता आणि तो केला नाही, म्हणून पूल पडला, असा कंपनीचा दावा होता. थोडक्यात काय, गाडी फिरून पुन्हा कामावरच्या माणसापाशी आली!

मंडळाने हा दावा ऐकून घेतला, पण त्यावर विसंबून राहिले नाही. स्वतंत्रपणे गणित मांडून पाहिले. उत्तर असे आले की, जोड पाव इंच खरबरीत केला असता तरीही तो सांधा भार पेलण्याइतका सक्षम नव्हता. कारण मुळात नकाशातच चूक होती. सांध्यावर किती भार येणार, हे फार कमी धरले होते. सांधा किती भार पेलेल, हे फार जास्त धरले होते. जोडाला वरून दाबून धरणारे बळ प्रत्यक्षाहून अधिक मानले होते.

घरखर्चाचे उदाहरण घ्या. महिन्याचा खर्च कमी लिहायचा, पगार जास्त लिहायचा आणि वर म्हणायचे की शिल्लक पडते! कागदावर शिल्लक दिसेल, पण वीस तारखेला दुकानदार दारात उभा राहील. मायामीला दुकानदाराच्या जागी मृत्यू उभा राहिला.

फेरतपासणीचा फार्स

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कामाचा हिशेब दुसऱ्याने तपासला नसेल काय? नियम तसाच होता. अशा अवघड पुलाचा नकाशा दुसऱ्या स्वतंत्र कंपनीने तपासून सही करायची. लुई बर्जर या कंपनीला ते काम दिले गेले. या कामासाठी तिने आधी १,१०,००० डॉलर मागितले होते, घासाघीस होऊन काम ठरले ६१,००० डॉलरला. पैसा घटला की काम घटते. कंपनीने तयार पुलाची तपासणी केली, पण पूल अर्धवट असताना, म्हणजे उचलताना आणि ठेवताना, त्याच्यावर काय भार येतो ते तपासले नाही. सांध्यांची ताकद तर तपासलीच नाही. शिवाय अशा किचकट काँक्रीट पुलांच्या तपासणीसाठी राज्याची जी पात्रता लागते, ती या कंपनीकडे नव्हती, हेही उघड झाले.

आम्ही कचेरीत काम करतो. आम्हांला हा प्रकार परका नाही. वरच्याची सही आहे म्हणून खालचा सही करतो, खालच्याची सही आहे म्हणून वरचा सही करतो. दोन सह्या झाल्या, पण बेरीज एकानेही केली नाही! अशी दुसरी सही नसलेली बरी. ती नसेल तर निदान लोक सावध राहतात.

मंडळाने कोणाला दोष दिला?

२२ ऑक्टोबर २०१९ रोजी मंडळाने आपला निर्णय खुल्या बैठकीत जाहीर केला. कोणालाही पाहता येईल अशी ती बैठक होती. पूल पडण्याचे संभाव्य कारण म्हणून मंडळाने फिग ब्रिज इंजिनिअर्स या नकाशा कंपनीच्या भार आणि क्षमतेच्या चुकीच्या हिशेबाकडे बोट दाखवले. लुई बर्जरच्या अपुऱ्या तपासणीने त्यात भर घातली. भेगांचा अर्थ न ओळखणे आणि उपाय बाहेरच्या जाणकाराकडून तपासून न घेणे, हाही दोष मुख्य इंजिनिअरच्या पदरी आला.

आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य पुढे आहे. भेगा सहन होण्यापलीकडे गेल्यावर काम थांबवायला हवे होते आणि खालचा रस्ता बंद करायला हवा होता. ते न केल्याचा ठपका मंडळाने पाच जणांवर ठेवला. ठेकेदार कंपनी एमसीएम, नकाशा कंपनी फिग, देखरेख करणारी कंपनी बोल्टन पेरेझ, विद्यापीठ आणि राज्याचे वाहतूक खाते. सरकारी खाते म्हणून त्याला सूट मिळाली नाही, विद्यापीठ म्हणून त्यालाही मिळाली नाही.

हिशेब चुकणे ही एक गोष्ट आहे. शिकलेल्या माणसाचाही हिशेब चुकतो. पण भेग डोळ्यांसमोर रोज वाढत असताना रस्ता चालू ठेवणे ही वेगळी गोष्ट. रस्ता बंद केला असता तर फार तर लोकांना वळसा पडला असता. वर काम चढवले नसते तर फार तर उद्घाटन लांबले असते. पूल तरीही पडला असता कदाचित, पण रिकाम्या रस्त्यावर पडला असता.

पुढे ठेकेदार कंपनीने २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मृतांचे नातेवाईक आणि जखमींना निरनिराळ्या कंपन्यांच्या विमा पैशांतून सुमारे १० कोटी ३० लाख डॉलरची भरपाई मान्य झाली. फिग कंपनीला केंद्र सरकारच्या पैशातून होणाऱ्या रस्ते-पुलांच्या कामांपासून २०२९ पर्यंत दूर ठेवण्यात आले. मंडळाने राज्य सरकारला शिफारशी केल्या की, तपासणाऱ्या कंपनीची पात्रता आधी पाहा, आणि पुलाला धोक्याच्या भेगा दिसल्या तर वाहतूक बंद करण्याचा नियम करा. गेलेली सहा माणसे मात्र कोणत्याही भरपाईने परत येत नाहीत.

आपण काय करायचे?

ही हकिकत वाचून बाजूला ठेवण्यासाठी नाही. बांधकामावर जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी आणि जुन्या चाळींत, इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांसाठी काही गोष्टी आम्ही मुद्दाम लिहीत आहोत.

प्लास्टरवरच्या केसासारख्या भेगांनी घाबरून जाऊ नये. पण भेग खांब आणि तुळई यांच्या सांध्यापाशी असेल, तिरकी असेल, आणि रोज वाढत असेल तर ती धोक्याची समजावी. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. आठ दिवसांनी भेग खुणेच्या पुढे गेली की समजावे, ती वाढते आहे. भेगेवर आडवी प्लास्टरची छोटी पट्टी मारून ठेवली तर ती तडकल्यावरही हे कळते. जोरात वाढत असेल तर मात्र आठ दिवसांची वाट पाहू नये, माणसांना बाहेर काढावे आणि खालून कोणाला जाऊ देऊ नये.

तोंडी सांगून गप्प बसू नये. कारकून या नात्याने आम्ही हे आवर्जून सांगतो. मुकादमाला सांगितले, साहेबाच्या फोनवर निरोप ठेवला, एवढ्याने काम होत नाही. मायामीचा निरोप तीन दिवस न ऐकता पडून राहिला होता! दोन ओळींचा का होईना अर्ज लिहावा, तारीख घालावी, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावा. चार-पाच जणांनी मिळून सह्या केल्या तर एकट्यावर रोष येत नाही.

कामावर "भेग पडली आहे" असे कोणी मजूर बाई म्हणाली तर तिला हसू नये. डोक्यावर घमेले घेऊन दिवसातून शंभर वेळा त्याच जागेवरून जाणाऱ्या बाईचे डोळे आठवड्यातून एकदा गाडीतून येणाऱ्या साहेबापेक्षा जास्त पाहतात. मायामीतही भेगांचे फोटो आधी कामावरच्या माणसांनीच काढले होते.

आणि इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्या आईवडिलांनी उन्हातान्हात राबून तुम्हांला येथवर आणले आहे. उद्या तुमच्या हाती नकाशा येईल, सहीचा अधिकार येईल. तेव्हा आधी झालेल्या सहीवर सही करू नका. बेरीज स्वतः करून पाहा. शंका असेल तर बैठकीत उठून विचारा, समोर कितीही मोठा साहेब बसलेला असो. आणि तरीही शंका राहिली तर रस्ता बंद करायला सांगा. पुलाच्या छपरावर त्या दुपारी जो कामगार चढला होता तो कोणाचा तरी बाप होता, कोणाचा तरी मुलगा होता. तुमच्या सहीच्या भरवशावर असाच कोणीतरी उद्या वर चढणार आहे.